पुरावा कोणी द्यायचा?



वसंत व्याख्यानमालेच्या ह्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. मी विद्वान नाही. नववीतून शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी संपल्यावर. आणि कायदा म्हणाल तर तो लेबर कोर्टाच्या बाकावर तारखेची वाट पाहता पाहता शिकलो. चालकांनी ग्राहकसंरक्षणाच्या नव्या कायद्यावर बोला म्हणून सांगितले, तेव्हा मी प्रथम नकार दिला. मग एक जुनी गोष्ट आठवली, आणि वाटले की बोलण्याचा अधिकार नसला, तरी ह्या विषयाचे माझ्यावर कर्ज आहे.

१९९६ साली मी प्रेशर कुकर करणाऱ्या एका लहान कारखान्यात युनियनचा चिटणीस होतो. तेथे प्रत्येक कुकर पेटीत जाण्यापूर्वी पाण्याच्या दाबाखाली तपासला जाई. दोन माणसे तेवढेच काम करीत. मालकाने उत्पादनवाढीचा करार पुढे केला. त्यात एक कलम असे, की ह्यापुढे दहांतला एकच कुकर तपासायचा. आम्ही तीन आठवडे भांडलो. कशासाठी? त्या दोन माणसांच्या नोकऱ्यांसाठी. त्या वाचल्या. दोघांना पॉलिशखात्यात घेतले, बोनस वाढला, आम्ही गेटवर पेढे वाटले. उरलेल्या नऊ कुकरांचे काय, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. त्या करारावर माझी सही आहे.

पुढल्या वर्षी एक बाई गेटवर आल्या. एका हाताला कोपरापर्यंत पट्टी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत झाकण वाकलेला कुकर. भावाने भाऊबीजेला दिलेला. पावती कुठली असणार? आतून निरोप आला, ‘तांदूळ जास्त भरले असतील. आमची चूक असेल तर सिद्ध करा.’ त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, ‘ताई, दुकानदाराकडे जा.’ त्या गेल्या. त्यांचा कुकर तपासलेल्या एकांतला होता की न तपासलेल्या नवांतला, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

‘सिद्ध करा’ ह्या दोन शब्दांवरच आज मला बोलायचे आहे.

आम्हा कामगारांना हे शब्द फार जुने. यंत्रात हात गेला की मालक म्हणे, माझा निष्काळजीपणा सिद्ध कर. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि चित्र पालटले. काम करताना, कामामुळे अपघात झाला, एवढे पुरे झाले. मालकाची चूक शोधण्याची गरज उरली नाही. कामगार दारू प्यालेला असेल, किंवा त्याने यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढले असेल, अशा मोजक्या सबबी तेवढ्या मालकाला राहिल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. तत्त्व मात्र टिकून आहे. ज्याला नफा, त्याच्यावर जोखीम.

आता विचार करा. कुकर बनवताना माझा हात भाजला तर भरपाई. तोच कुकर घरी फुटून माझ्या बायकोचा हात भाजला तर?

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. फार मोठे पाऊल होते ते. ज्याने विकत घेतले त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक ठरला. म्हणजे भाऊबीजेचा कुकर वापरणाऱ्या त्या बाई ग्राहकच होत्या. हे मला तेव्हा ठाऊक असते तर! परंतु इजेच्या भरपाईच्या कलमात त्या कायद्याने विरुद्ध पक्षाच्या ‘निष्काळजीपणा’चा शब्द ठेवला होता. कारखान्याच्या भिंतीआड काय घडले, हे गृहिणीने कसे दाखवावे?

२०१९ साली नवा कायदा झाला, आणि २० जुलै २०२० पासून त्यातले उत्पादनाच्या दायित्वाचे प्रकरण अंमलात आले. वस्तू बनवताना दोष राहिला, आराखडाच सदोष असला, ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे वस्तू नसली, दिलेल्या हमीला ती उतरली नाही, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही, आणि त्यामुळे इजा झाली, तर उत्पादक जबाबदार. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विक्रेता जबाबदार. वस्तूचा गैरवापर केला किंवा तिच्यात फेरफार केला, तर मात्र विक्रेत्यावरचा दावा टिकत नाही. दोष आणि त्या दोषाने झालेली इजा दाखवावी लागतेच. पण कारखान्यात कोण झोपले होते, हे शोधणे भाजलेल्या हाताचे काम राहिले नाही. कामगाराला जे १९२३ साली मिळाले, त्याच्या जवळ जायला ग्राहकाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

कायदा झाला म्हणजे न्याय झाला, असे समजण्याइतका मी भोळा नाही. घरगुती कुकरला आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले ते १ फेब्रुवारी २०२१ पासून. त्यानंतरही चिन्ह नसलेले कुकर घरबसल्या मागवता येत होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अॅमेझॉनला आदेश दिला, की विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरांच्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत करा. शिवाय एक लाख रुपये दंड. त्या विक्रीतून कंपनीला मिळालेले शुल्क सहा लाख चौदा हजारांच्या वर होते. त्या आदेशाला पुढे दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, ती गोष्ट निराळी. पण हिशेब आपणच करा. मिळकत सहा लाख, दंड एक लाख!

आणखी एक कलम माझ्या मनाला टोचते. मालकाने कारखान्यासाठी वस्तू घेतली असेल आणि उत्पादकाने धोक्याची सूचना त्या मालकाला दिली असेल, तर सूचना दिली नाही म्हणून उत्पादकाला धरता येत नाही. सूचनेचा कागद मालकाच्या कपाटात राहतो, आणि यंत्राजवळ उभा असतो तो कामगार! युनियनवाल्यांनी आता तो कागद मागितला पाहिजे, आणि आपल्या भाषेत मागितला पाहिजे.

असो. आपल्यापुढे व्यवहाराच्या चार गोष्टी ठेवतो. कुकर घेताना चिन्हाबरोबर परवाना क्रमांकही पाहा. झाकणावरच्या सुरक्षा झडपेच्या जागी बाजारातले काहीतरी बसवू नका. शिट्टी अडकली की तीच झडप जीव वाचवते, आणि दाव्याच्या वेळी तुमच्या फेरफाराकडेच प्रथम बोट दाखवले जाते. फुटलेली वस्तू भंगारात देऊ नका. तोच तुमचा साक्षीदार. तक्रार दोन वर्षांच्या आत करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि आता तुम्ही जेथे राहता किंवा पोटासाठी काम करता, तेथेच दावा लावता येतो. १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी वाट दाखवतात.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. माझे वडीलधारे सहकारी तिला पांढरपेशांची चळवळ म्हणत, आणि मीही कित्येक वर्षे तेच म्हणालो. ती आमची चूक होती. सदोष वस्तू बाजारात जाण्यापूर्वी ती कोणाच्या तरी हातून गेलेली असते. दोष प्रथम कळतो तो कामगाराला, आणि सर्वांत शेवटी कळतो तो ग्राहकाला, तोही अंगावर फुटल्यावर. त्या पहिल्या माणसाने तोंड उघडले, आणि तो उघडेल तेव्हा त्याची नोकरी राखायला ग्राहकाने त्याच्या पाठीशी उभे राहिले, तर पुष्कळ हात वाचतील.

हल्ली कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो : तपासणीची माणसे किती कमी होणार, आणि न तपासलेला माल कोणाच्या घरी जाणार? काही मालक हसतात. काही वेळा आमचीच माणसे रागावतात. तरी विचारतो. त्या बाईंना द्यायचे उत्तर मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षे उशिरा शोधतो आहे.