घरचे बोलणे आणि स्किझोफ्रेनिया



स्किझोफ्रेनिया कुटुंबामुळे जडत नाही; मात्र औषधांनी सावरलेला रुग्ण पुन्हा ढासळतो का, हे पुष्कळसे घरच्या वातावरणावर अवलंबून असते. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांना आढळले, की आईवडिलांकडे वा पत्नीकडे परतलेले रुग्ण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा रुग्णालयात परत येत. तेथे प्रेम नव्हते असे नव्हे! सततची टीका रुग्णाला सोसवत नाही, तशीच जिवापाड अतिकाळजीही. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने अशा कुटुंबीयांना आधार दिला. नेवाशातील एकत्र कुटुंबात ‘आळशी’ हा शब्द दहा तोंडांतून ऐकणारा असा तरुण आळशी नसतो. तो निरुत्साह आजाराचेच लक्षण असते.