कडी कोणत्या बाजूला?

घरात कुणी विचित्र वागलं की मुंबईकडचा माणूस म्हणतो, "याला ठाण्याला पाठवा." पुण्यात येरवड्याचं नाव निघतं. 'पाठवा' हा शब्द श्रोत्यांनी नीट ऐकावा. मनोरुग्णालयात माणूस आपल्या पायांनीही जातो, हे त्यात बसतच नाही.

2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा हे दोन रस्ते वेगळे ठेवतो. घराच्या दाराची कडी डोळ्यांसमोर आणली की फरक कळतो.

स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढाची कडी आतल्या बाजूला असते. दाखल होताना नातेवाइकांची संमती लागत नाही. त्याला समजावून त्याचा होकार घेतल्याशिवाय उपचार करता येत नाहीत. आणि "मला घरी जायचंय" म्हटल्यावर सोडावं लागतं. त्याच्या किंवा इतरांच्या जिवाची काळजी वाटली, तर डॉक्टरांना तपासणीसाठी फार तर 24 तास कडी धरून ठेवता येते. तेवढ्यात दुसऱ्या रस्त्याच्या अटी पूर्ण झाल्या नाहीत, तर त्याची वाट मोकळी. घरच्यांची सही झाल्याशिवाय सुटका नाही, हा समज किती घरांत घट्ट बसला आहे!

दुसऱ्या रस्त्यात कडी बाहेरून लागते. पण ती लावणं सोपं ठेवलेलं नाही. रुग्णाच्या प्रतिनिधीचा अर्ज हवा. दोघांनी स्वतंत्रपणे तपासायला हवं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ. जिवाला धोका, इतरांवर हिंसा, किंवा स्वतःला सांभाळताच न येणं, यांपैकी काहीतरी गंभीर दिसायला हवं. समाजाच्या रीतीविरुद्ध वागणं एवढ्यावरून आजार ठरत नाही, हेही कायद्यात आहे. पहिली मुदत फार तर 30 दिवस. अशा दाखल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला 7 दिवसांत कळवायचं. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत. रुग्णाला त्या मंडळाकडे दादही मागता येते.

पुन्हा सांगायला हवं, कारण हेच विसरलं जातं: स्वतःहून गेलेल्याची कडी आतून असते. मुलाला, बायकोला, वडिलांना उपचारासाठी तयार करताना एवढं जरी सांगितलं, तरी त्यांची भीती पुष्कळ कमी होते. फसवून गाडीत बसवलेला माणूस पुढे डॉक्टरांवर विश्वास ठेवील कसा?

आता बाहेरची कडी लावणारा प्रतिनिधी. तो कोण असावा, हे माणसाला बरं असतानाच ठरवता येतं. साधा कागद, सही किंवा अंगठा, एवढं पुरतं. भावाशी जमत नसेल तर मैत्रिणीचं नाव लिहावं. हा कागद पुढे बदलताही येतो. उपचार कोणते हवेत आणि कोणते नकोत, तेही आधी लिहून ठेवता येतं, पण त्याची रीत सांगायला वेळ उरलेला नाही. निदान प्रतिनिधीचं नाव तरी आज घरी बोलून घ्यावं.