साथीच्या दिवसांत आमच्या घरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा शेजारगावी होती आणि मुलीला ओढ्यापलीकडे पाठवायला घरचे राजी नव्हते. मंडळात आजवर मी सतरंज्या अंथरल्या, चहा केला. पण यंदा बाईंनी आग्रह केला की, घरातला एखादा अनुभव सांगा. म्हणून जी गोष्ट इतकी वर्षे मनात आहे, तीच सांगते.

माझी धाकटी जाऊ आशा आहे. 2005 साली सरकारने ही योजना काढली. हजार वस्तीमागे एक बाई, तिने बाळंतिणींची आणि लेकरांच्या डोसांची काळजी घ्यायची. त्या कामाला आठवी पास लागे. ती दहावी झालेली, मी सातवी. तेवढ्याने साथीत ती उंबऱ्याबाहेर राहिली आणि मी आत.

22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. मी तर पितळेची परात घेतली होती. तिला अजून पोचा आहे. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात एकाच घरातल्या चौघांना कोरोना निघाला आणि आठवड्याभरात आकडा वीसच्या वर गेला. इस्लामपूर म्हणजे आपल्याला काही परमुलूख नव्हे. निम्म्या गावाची सोयरीक तिकडची. 25 तारखेपासून सारा देश बंद झाला. आपण दारे लावून घेतली, आणि जाऊबाई वही घेऊन बाहेर पडल्या.

मे महिन्यात मुंबईची माणसे गावी आली. त्यांना शाळेत चौदा दिवस ठेवत. जाऊबाई सकाळी शाळेत जाऊन त्यांचा ताप बघत, मग घरोघर फिरत. कुणाला खोकला, कुणाला धाप, सगळे लिहून आरोग्य केंद्राला कळवायचे. या जादा कामाचे महिन्याला हजार रुपये. म्हणजे दिवसाला तेहतीस. खुरपायला गेलेल्या बाईलाही त्याहून जास्त मिळतात.

आता घरातले सांगते. आमच्या सासूबाईंना दमा. मला भीती वाटली, आणि ती खोटी नव्हती. मी जाऊबाईंचे ताट-तांब्या वेगळा काढला. ताटावर तिच्या माहेरचे नाव घातलेले आहे, म्हणून ओळखायला सोपे. ती बाहेरच्या कट्ट्यावर जेवायची, मागे न्हाऊन पडवीत निजायची. तिचा सहा वर्षांचा मुलगा दारात उभा राहून लांबूनच "आई" म्हणे. हे सासूबाईंनी केले नाही, दिरांनी केले नाही, मी केले. दूर राहणे जरूर होते, डॉक्टरही तेच सांगत. पण मी भाकरी वाढताना तिच्याकडे बघतही नव्हते. ते कुठल्या डॉक्टरने सांगितले होते?

गावातही तीच तऱ्हा. "तू आलीस की आमच्या दारावर कागद लागतो," असे लोक तोंडावर म्हणत. आपल्या मंडळातल्याही दोघी-तिघींनी तिला बघून दार ओढले. मी त्यांना बोल लावत नाही. माझ्या दाराची कडी त्यांच्याहून आधी लागली होती.

तिची झोप गेली. साबणाने हात धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्या. रात्री उठून वही चाळायची, कुणाचे घर राहिले की काय म्हणून. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली आणि पुन्हा सगळी घरे नव्याने सुरू झाली. त्यातल्याच एका रात्री मी मागे गेले, तर गोठ्यात बोलणे ऐकू आले. जाऊबाई म्हशीच्या अंगावर हात ठेवून दिवसभराचे सांगत होती. अमक्याचा ताप उतरला, तमकीने शिवी दिली. घरात तिला विचारणारे कुणी नव्हते. मी दाराआड उभी राहिले, ऐकले, आणि तशीच परत आले. आत गेले नाही, हे मला अजून लागते.

पुढे माझ्या भाचीकडून कळले की, मोठ्या दवाखान्यांत नर्सबाईंचीही हीच दशा होती. तो प्लॅस्टिकचा पोशाख सहा-सहा तास अंगात. पाणीसुद्धा प्यायचे नाही, कारण लघवीला जाता येत नाही. आणि ड्यूटी संपवून खोलीवर यावे, तर घरमालक म्हणे, जागा सोडा. अशांना मारहाण होऊ लागली, तेव्हा एप्रिल 2020 मध्ये सरकारने साथीचा जुना कायदा बदलून सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. तो कायदा 1897 सालचा. त्याच साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या. नायगाव आपल्याच जिल्ह्यात. दर 3 जानेवारीला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. यंदा हार घालताना माझा हात अडखळला. प्लेगच्या रोग्याला खांद्यावर घेणारी ती बाई माझ्या घरची असती, तर तिचे ताट मी कुठे ठेवले असते?

जून 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे 70,000 आशा संपावर गेल्या. आठवड्यानंतर मानधनात हजार आणि कोरोनाचे पाचशे रुपये वाढले. तेव्हा गिरणीत एक बाई म्हणाल्या, "सेवा म्हणायची नि पैसे मागायचे!" मी दळण तिथेच ठेवून भांडले. घरी आल्यावर जाऊबाईंना सांगितले, तर ती हसली आणि म्हणाली, "अक्का, जरा उशीर झाला, पण बरं वाटलं."

माझी मंडळाला एक विनंती आहे. पुन्हा अशी साथ आली, तर गावात एक खोली अशी असावी की, तिथे या बायांना गरम पाणी आणि ताजी भाकरी मिळेल, आणि लांब बसून का होईना, एकीने तरी विचारावे, आज काय काय झाले? पाळ्या आत्ताच ठरवू. पहिली पाळी माझी. शिवाय 2022 पासून 14416 या क्रमांकावर मनाचे दुखणे फुकट सांगता येते, तोही मंडळाच्या फळ्यावर लिहावा.

जाऊबाई मागच्या रांगेत बसल्या आहेत. नाव घेऊ नका म्हणाल्या, म्हणून घेतले नाही. साथ केव्हाच सरली, सासूबाई धडधाकट आहेत. पण ती अजून आपले ताट स्वतः घासून कट्ट्यावर पालथे घालते. मी ते उचलून आमच्या मांडणीत ठेवते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कट्ट्यावर असते.