शर्यतीच्या होडीचे सांधे



आपणांपुढे उभा असलेला मनुष्य कामगार संघटनेचा आहे. तेव्हा बोनस, कंत्राटी पद्धत किंवा किमान वेतन यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार अशी आपली समजूत असेल, आणि पत्रिकेवरील विषय वाचून छापखान्याची चूक झाली असेही काहींना वाटले असेल. चूक झालेली नाही. माझे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते फिटरच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. गेली सहा वर्षे रविवारची सकाळ मी विजेवर धावणाऱ्या आणि बिनतारी हुकमाने वळणाऱ्या शर्यतीच्या होड्या बांधण्यात घालवतो. आज बोलणार आहे ते त्याविषयी.

हा खेळ वाटतो तितका नवा नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत प्रदर्शनात, पाण्याच्या हौदात, अशी एक लहान बोट चालवून दाखवली होती. पोटात बॅटरी, आणि हुकूम तारेवाचून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले.

टेस्लांची बोट संथ होती. आजची होडी हातभर लांबीची, दोन-अडीच किलो वजनाची असते. तिच्यात मुठीत मावेल एवढी मोटर आणि चार घरांची लिथियम बॅटरी. दाब १४.८ व्होल्टचा, पूर्ण वेगात शंभर अँपिअर प्रवाह सहज ओढला जातो. गुणाकार करून पाहा, जवळजवळ पंधराशे वॉट होतात, म्हणजे दोन अश्वशक्ती. विहिरीवरचा एवढ्याच शक्तीचा पंप उचलताना माणूस आधी कमरेचा विचार करतो! दर व्होल्टमागे दोन हजार फेरे घेणारी मोटर असली, तर मोकळी फिरताना मिनिटाला एकोणतीस हजारांवर फेरे होतात.

ही शक्ती जाते कोठे? पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड. ताशी साठ किलोमीटर वेगाने होडी पाण्यात राहतच नाही. ती पाण्याच्या कातडीवरून उड्या मारीत जाते, पंखाही अर्धा पाण्याबाहेरच फिरतो. प्रत्येक उडीनंतर तळ आपटतो. तेव्हाचे पाणी घरच्या घंगाळातले पाणी नव्हे, फरशी समजा.

माझी पहिली होडी याच फरशीवर गेली. सांगाडा तयार आणलेला होता, फायबरचा, पातळ. तळ आणि माथा असे दोन तुकडे कडेने चिकटवलेले. रंग फार सुरेख! गावाबाहेरच्या जुन्या खाणीत पाणी साठते, तेथे तिसऱ्याच फेरीला ती तरंगत्या नारळाला धडकली. नारळाला काही झाले नाही. होडीचा सांधा वीतभर उकलला आणि दोन महिन्यांची बचत तळाशी गेली. गळ टाकून दुपारी ती वर काढली.

ती घेऊन मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. हे गृहस्थ फायबरच्या खात्यात मोल्डर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी पाहिले नाही, ऐकले. नखाने साऱ्या अंगावर टकटक करीत गेले आणि आवाज बसका आला तेथे पेन्सिलीने फुली केली. नऊ फुल्या झाल्या. मग म्हणाले, "भाऊ, ही होडी नाही, पुठ्ठा आहे. पण होईल."

त्यांची पद्धत सांगतो, कारण पुस्तकांत ती इतकी सोपी करून सापडत नाही. आतून ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायचे, ॲसिटोनने पुसायचे आणि मग तेथे बोट लावायचे नाही. बोटाचा घाम पुरतो चिकटण्यात खोट आणायला. सांध्यावर दोन बोटे रुंद काचकापडाची पट्टी, सावकाश वाळणाऱ्या एपॉक्सीत भिजवलेली. मी रेझिन ओतीत होतो. त्यांनी माझा हात धरला. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद हा गैरसमज आहे. ताकद धाग्याची असते, रेझिन धाग्यांना फक्त जागेवर धरते. उरलेले निपटून काढायचे. मोटरपासून मागच्या फळीपर्यंत तळाला कार्बनच्या पट्ट्या. मागच्या फळीला आतून प्लायवूडचा तुकडा, कारण सुकाणूचे सारे ओढणे तिच्या बोल्टांवर येते. त्या भोकांच्या कडाही एपॉक्सीने बंद करायच्या, नाहीतर प्लाय पाणी पिऊन फुगतो. आणि पट्ट्यांची टोके एका रेषेत संपवायची नाहीत. संपवली, तर होडी नेमकी त्या रेषेवर मोडते, जेथे कडक भाग थांबतो आणि मऊ सुरू होतो. हे ऐकताना मला आमच्या काही जुन्या संपांची आठवण झाली, पण ते असो.

बाकीचे झटपट सांगतो. कार्बन बिनतारी लहरी अडवतो, म्हणून अँटेना प्लॅस्टिकच्या नळीतून वर काढावी. तारेचा लवचीक दांडा जोर आला की आखडतो, म्हणून मागे तीन-चार मिलिमीटर फट ठेवावी आणि दर खेळानंतर ग्रीस भरावे. नाकात फोम ठासावा. पाणी भरले तरी होडी बुडत नाही. बॅटरी जोडलेली असताना पंख्याजवळ हात नेऊ नये. यंत्रावर जाळी बसवून घेण्यासाठी मी आयुष्यभर भांडलो आहे. हे एवढेसे यंत्रही बोट घेते.

वाळलेले काचकापड घासायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी माझ्यापुढे नाकावरची पट्टी धरली. "आधी हे बांधा, भाऊ." त्यांनी स्वतः तीन वर्षे तीच धूळ आणि रेझिनची वाफ उघड्या नाकाने घेतली होती. २००९ च्या आमच्या मागणीपत्रात पट्ट्यांची आणि धूळ ओढणाऱ्या पंख्यांची मागणी अकराव्या क्रमांकावर होती. शेवटच्या रात्री बोनसचा आकडा पक्का व्हावा म्हणून मी अकरावी मागणी सोडली. खात्यात पट्ट्या आल्या त्या २०१२ साली. आज मिस्त्रींना एक जिना चढला की थांबावे लागते. त्याचे कारण डॉक्टरांनी ठामपणे सांगितलेले नाही, आणि मिस्त्रींनी तर तो विषय कधी काढलाच नाही. पण करारावरची सही माझी आहे. मी पट्टी बांधली, खाली मान घालून घासत बसलो, आणि तेव्हा काहीही बोललो नाही. पुढच्या रविवारी बोललो. ते म्हणाले, "आकडा चांगला मिळाला होता. पोरीचं लग्न झालं त्यात." त्यावर काय बोलावे हे तीस वर्षे भाषणे करणाऱ्या माणसाला सुचले नाही.

गेल्या जानेवारीत होडी पुन्हा पाण्यात सोडली. हुकमाचे यंत्र मी त्यांच्या हातात दिले. या शर्यतीत होड्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. त्यांनी दोन फेऱ्या नीट घातल्या आणि तिसऱ्या वळणावर पिंपाच्या बोयावर सरळ नेऊन आदळवली. आवाज काठापर्यंत आला. ओढून आणली. मिस्त्रींनी ती मांडीवर घेतली, नखाने सांध्यावरून नाकापासून शेपटापर्यंत टकटक करीत गेले. सगळीकडे एकच खणखणीत आवाज.

"पाणी काढा," ते म्हणाले, "अन् सोडा परत."