मूल पोटात घडते तेव्हा



कोंबडी २१ दिवस अंडी उबवते, हे आपल्या सिरोंच्यात लहान पोरीही सांगतील. पण पिलाचे हृदय दुसऱ्या दिवशीच धडधडू लागते! पुणे विद्यापीठाच्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी अंड्यातला गर्भ काचेच्या बशीत वाढवून अभ्यासला. (हे ऐकून आमच्या आळीतल्या एक मावशी अंड्यासाठीच हळहळल्या!) आरंभी पेशी सारख्याच दिसतात, शेजारच्या पेशींकडून खूण मिळते, तशी कोणी मेंदूची होते, कोणी रक्ताची. त्या खुणेवरचा बाईंचा निबंध १९५८ साली छापला गेला.

माणसाचेही तसेच. ओठ दुभंगलेले मूल जन्मले, की सुनेने ग्रहणात विळी धरली म्हणून तिला बोल लावतात. अहो, वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने तो फाटेल कसा? काही व्यंगे कुळातून येतात, काहींची कारणे निराळी.

मेंदू व पाठीच्या मज्जेची नळी तर २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे कळते तेव्हा वेळ थोडाच उरतो. म्हणून मूल हवे असे ठरताच, दिवस जाण्याआधीच, आशाताईंना फोलिक ॲसिडच्या गोळीबद्दल विचारावे. त्या नळीच्या व्यंगाचा धोका तिने पुष्कळ घटतो.