तुटलेला बंपर आणि अळवाचे पान

मुंबईत चेंबूरच्या पलीकडे खाडीकाठी माहुल नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे. १९५४ व १९५५ साली या परिसरात खनिज तेल शुद्ध करणारे दोन मोठे कारखाने सुरू झाले. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांचे आहेत. त्याच माहुलच्या रस्त्यावर, एका खड्ड्यात, माझ्या मोटारीचा बंपर चिरला.

दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद समसमान कालवून मी तो सांधला. चोवीस तास हातसुद्धा लावला नाही. आठ दिवसांत गोंदाची पट्टी खपलीसारखी अखंड निघून आली! प्रथम वाटले, गोंदच भेसळीचा. पण दोष माझा होता. काय चिकटवायचे ते न पाहताच कशाने चिकटवायचे, हे मी ठरवले होते.

अळवाच्या पानावर पाणी ठरते का? नाही. ते थेंबाथेंबाने घरंगळते. गोंदाचेही तसेच आहे. तो आधी पसरला पाहिजे, तरच धरील. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. हे प्लॅस्टिक खनिज तेलातूनच येते, आणि मेणाचे भाऊबंद आहे. त्यावर साधा गोंद नीट पसरत नाही.

म्हणून तुकडा आधी उलटा करून पाहा. आतल्या बाजूस बहुधा इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. ‘पीपी’ असेल तर त्यासाठी खास प्रायमर लावूनच गोंद लावा; नाहीतर कारागिराकडून त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या कांडीने, गरम हवेवर वेल्डिंग करून घ्या. ‘एबीएस’ असेल तर इपॉक्सी चांगला धरतो. मात्र आधी साबणाने धुवून, वाळवून, पॉलिश पेपरने खरखरीत करा. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडा, म्हणजे चीर पुढे धावणार नाही. झटपट चिकटणारा पातळ गोंद ठिसूळ असतो. गाडीच्या हादऱ्यांत तो फार टिकत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. ब्रेकच्या तेलाची डबी, पेट्रोलची टाकी किंवा नळी, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी, यांना गोंद लावून गाडी रस्त्यावर आणू नका. रेडिएटरमध्ये पाणी शंभर अंशांच्या आसपास तापते, वर दाबही असतो. तेथे सांधा सुटला तर इंजिन जाईल. ब्रेकचे तेल गळले तर घाटात माणसे जातील. तेथे नवा भागच घाला. बंपर सुटला तर फार तर फजिती होते!

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हे सहज दाखवता येईल. दुधाची रिकामी पिशवी आणि काचेचा तुकडा स्वच्छ धुऊन वाळवा, दोहोंवर पाण्याचा एकेक थेंब टाका. काचेवर तो पसरेल, पिशवीवर गोळा होऊन बसेल. मग मुलांनाच विचारा, गोंद कोठे धरील? उत्तर ती स्वतःच देतील.