शाळा सुटलेल्या मुलांची दहावी आणि सैन्यभरती



आम्ही बचत गटांच्या समन्वयक. महिन्यातले पंधरा-वीस दिवस आमचे कुठल्या ना कुठल्या गावच्या बैठकीत जातात. बचत जमा होते, कर्जाची मागणी वाचली जाते, हप्ते लिहिले जातात. मग चहा येईपर्यंत ज्या गप्पा होतात, त्यातल्या निम्म्या मुलांच्या नोकरीच्या असतात. आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीनंतर गाव अर्धं रिकामं होतं आणि शाळेचा पटही रिकामा होतो. सातवी-आठवीत शाळा सुटलेला मुलगा आता अठरा-एकोणीस वर्षांचा आहे, पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्यावर पळतो आणि म्हणतो, मला मिलिटरीत जायचंय. आई आम्हाला विचारते, "ताई, ह्याची दहावी नाही झालेली. आता होईल का? आणि बाहेरून केलेली दहावी मिलिटरीत चालते का?"

आज याच प्रश्नावर बोलायचं आहे. आधी आमची एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळेच हा विषय आम्ही नीट शिकलो.

आमच्या एका गटातल्या ताईंनी मुलाच्या शिक्षणासाठी अंतर्गत कर्जातून अठरा हजार रुपये मागितले. तालुक्याच्या गावात एकजण "घरबसल्या दहावी" करून देत होता. आम्ही बैठकीत हजर होतो. शिक्षणासाठी कर्ज म्हटल्यावर कोणी काही विचारलं नाही, ठराव झाला, सह्या झाल्या. दोन-अडीच महिन्यांत गुणपत्रक आलं. चकचकीत कागद, वर सोनेरी शिक्का आणि अठ्ठ्याहत्तर टक्के! मुलगा परीक्षेला कुठे गेला होता, हे तेव्हा आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही. पुढे त्याने भरतीचा अर्ज भरला, ऑनलाइन परीक्षा पास झाला, मैदानावरची धाव वेळेत पूर्ण केली. कागदपत्रांच्या टेबलावर मात्र त्याला बाजूला काढलं. त्या नावाचं मंडळ मान्यताप्राप्त नव्हतंच. परत आल्यावर ताई तालुक्याला गेल्या, तर शटर बंद. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

त्या दिवसापासून आमच्या गटांत शिक्षणकर्जाचा ठराव करण्याआधी मंडळाचं नाव विचारलं जातं. पण सगळ्याच बाहेरच्या दहावीवरचा लोकांचा विश्वास त्यानंतर उडाला. "मुक्त शाळा म्हणजे सगळी फसवणूक," असं बायका म्हणू लागल्या. तसं नाही. खोटं मंडळ वेगळं आणि मुक्त शाळा वेगळी.

खरे रस्ते आपल्याकडे आहेत. पहिला म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. हे नाव बऱ्याचजणींनी ऐकलं असेल. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं. किमान पाचवी पास आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण असली की हा फॉर्म भरता येतो. ठरवून दिलेल्या शाळेमार्फत नाव नोंदवायचं, घरी अभ्यास करायचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकीच्या मुलांबरोबर त्याच केंद्रावर तोच पेपर लिहायचा. मंडळ तेच, प्रमाणपत्रही तेच.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात, वरच्या वयाला मर्यादा नाही. पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा हवी. दहावी मराठी माध्यमातून करता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एकदम पाचही विषय न देता दोन आता, तीन नंतर असंही करता येतं. ऊसतोडीहून उशिरा परतणाऱ्या मुलाला हे सोयीचं पडतं. शहरात काही आईवडील मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात, त्यांची मुलंही दहावीला बहुधा याच दाराने जातात. याशिवाय महाराष्ट्र राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे.

आता सैन्याचं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि तेव्हापासून जवान 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांसाठी भरती होतात. लष्करात जनरल ड्युटी म्हणजे साधा शिपाई व्हायचं, तर दहावी पास हवी, सर्व विषय मिळून ४५ टक्के हवेत आणि प्रत्येक विषयात किमान ३३ हवेत. मंडळ मान्यताप्राप्त असलं पाहिजे. मुक्त शाळेतून दहावी केली म्हणून कोणी दारातून परत पाठवत नाही. तांत्रिक पदासाठीच्या जाहिरातीत तर मान्य मंडळांमध्ये एनआयओएसचं नाव लिहिलेलं आहे. तिथे मात्र बहुधा बारावी विज्ञान लागते, भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजी घेऊन ५० टक्के. क्लार्कच्या पदाला बारावीत ६० टक्के मागतात. ट्रेड्समनला ४५ टक्क्यांची अट नाही, दहावी नुसती पास चालते, आणि काही कामांना आठवी पासही चालते.

आमची मुलं अडकतात ती या ४५ टक्क्यांवर. एनआयओएसमध्ये ३३ गुणांना पास. पाच विषयांत बरोबर तेहेतीस मिळाले तर बेरीज होते १६५. मुलगा पास, घरात पेढे. पण जनरल ड्युटीसाठी पाचशेपैकी २२५ लागतात. म्हणजे साठ गुण कमी. राज्य मंडळात ३५ ला पास होतात, तिथेही तीच गत. "निघाला एकदाचा" म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि सैन्याचं दार बंदच राहतं. म्हणून मुलगा अभ्यासाला बसतानाच त्याला सांगा की आपलं माप ३३ किंवा ३५ नाही, ४५ आहे. जो सोपा जातो त्या विषयात साठ-पासष्ट काढले की गणित-इंग्रजीची कसर भरून निघते. आणि कमी पडलेच, तर दोन्हीकडे गुण सुधारण्यासाठी पुन्हा बसता येतं. राज्य मंडळात त्याला श्रेणीसुधार म्हणतात. त्याच्या संधी लगतच्या परीक्षांपुरत्याच असतात, तेव्हा "बघू पुढच्या वर्षी" म्हणून ढकलू नका.

वयाचंही तसंच. योजनेत वय साडेसतरा ते एकवीस ठरवलं, पहिल्या वर्षी तेवढी तेवीसपर्यंत सूट होती. दरवर्षीच्या जाहिरातीत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा जन्म हवा ते छापलेलं असतं, ते कोणाकडून तरी वाचून घ्या. मुक्त शाळेत नऊ संधी आहेत, पण मुलाच्या वयात तेवढी जागा नाही. एकोणीसचा मुलगा दोन वेळा नापास झाला की संपलं.

आता एक कागद, ज्याच्याबद्दल क्लासवाले बोलत नाहीत. मुक्त शाळेच्या दहावीवर भरतीला जाणाऱ्याने शाळा सोडल्याचा दाखला बरोबर न्यायचा असतो आणि त्यावर गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. लष्कराच्या भरती मेळाव्याच्या जाहिरातीत हे लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. मुलगा शेवटी ज्या शाळेत होता, तिथून हा दाखला मिळतो. आपल्या मुलांनी पहिली एका गावात, चौथी कारखान्याजवळ आणि सातवी आजोळी केलेली असते. दाखला कुठे पडलाय हेच ठाऊक नसतं. तो शोधायला, नक्कल काढायला आणि पंचायत समितीत जाऊन सही घ्यायला एक दिवस पुरत नाही. आमच्यातल्या एकजणीला पुतण्याच्या दाखल्यासाठी चार खेपा पडल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा शिक्का सापडेना. आणखी एक बघा, सतरा नंबरचा फॉर्म भरताना मूळ दाखला शाळेत जमा करावा लागतो. देण्याआधी त्याच्या दोन-तीन साक्षांकित झेरॉक्स काढून ठेवा.

नावांचा घोळही आधीच निस्तरायला हवा. मुलाचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि आईचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळलं पाहिजे. आता आपल्या नावांची गंमत बघा. माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं, रेशनकार्डावर तिसरं आणि आधारवर इंग्रजीत भलतंच काहीतरी. वडिलांचं नाव सगळीकडे एकच असतं, आईचंच ठिकठिकाणी बदलतं. तेव्हा दहावीचा फॉर्म भरतानाच तुमचं स्वतःचं आधारकार्ड घेऊन बसा आणि आईच्या नावाचा रकाना तुम्ही स्वतः तपासा. प्रमाणपत्र छापून आल्यावर एक अक्षर बदलायलाही फार यातायात पडते.

खोटं मंडळ ओळखायला फार शिक्षण लागत नाही. परीक्षा कधी, कुठल्या केंद्रावर, हॉल तिकीट कधी येणार, एवढंच विचारा. परीक्षाच नसेल तर पैसे देऊ नका. राज्य मंडळ आणि एनआयओएस, दोघांचीही गुणपत्रकं डिजिलॉकरवर मिळतात, ती गावातल्या सेवा केंद्रात बघता येतात. शंका असेल तर मंडळाचं नाव चिठ्ठीवर लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दाखवा. फसवणूक आपली झालेली असते, पण टेबलावर खोटा कागद ठेवणारा मुलगा आपला असतो. गुन्हा त्याच्यावर येऊ शकतो, हे विसरू नका. आणि "भरती करून देतो, इतके द्या" म्हणणाऱ्याला तर चहासुद्धा पाजू नका.

मुलींचं बोलायचं राहिलं. लष्करात मुलींना अग्निवीर म्हणून लष्करी पोलिसांत घेतात. महिला जवानांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूला प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली, त्यात ८३ जणी होत्या. शिक्षणाची अट मुलांइतकीच, दहावीला ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. उंची १६२ सेंटिमीटर लागते, म्हणजे सुमारे पाच फूट चार इंच. आपल्याकडच्या बऱ्याच मुली इथेच मागे पडतात, तेव्हा मुलीला आशा लावण्याआधी भिंतीला उभी करून उंची मोजा. पुढची अट आम्हाला सगळ्यात अवघड वाटते. मुलगी अविवाहित हवी. मुलीची शाळा सातवीनंतर सुटते ती एसटी नाही म्हणून, आणि शाळा सुटली की स्थळं बघायला सुरुवात होते. मुक्त शाळेतून दहावी करायला तिला एक-दीड वर्ष लागतं. नेमकं तेच वर्ष घरचे द्यायला तयार नसतात. मुलाला पळायला बूट घेतो, मुलीला निदान फॉर्मची फी तरी द्या, असं आम्ही बैठकीत म्हटलं तेव्हा काहीजणी हसल्या. एक मावशी मात्र नंतर थांबून फॉर्म कुठे मिळतो ते विचारून गेल्या.

आणि भरती झाली की शिक्षण संपलं, असंही नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना कायम करतात. बाकीचे बावीस-तेवीसच्या वयात घरी येतात. हातात सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख असतात, पण पुढची नोकरी शोधायला नुसती दहावी कमी पडते. म्हणून दहावी पास अग्निवीरांना नोकरीत असतानाच बारावी करता यावी, असा खास अभ्यासक्रम केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०२२ साली जाहीर केला. तो चालवायचं काम कोणाकडे दिलं? एनआयओएसकडे. ज्या मुक्त शाळेला आपल्या गावात "नापासांची शाळा" म्हणतात, तिच्याकडेच.

त्या ताईंच्या मुलाचं सांगायचं राहिलं. चार महिने तो कोणाशी बोलत नव्हता, पळणंही सोडलं होतं. नंतर त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला. सातवीचा दाखला आजोळच्या शाळेत सापडला. यंदा तो वीस वर्षांचा होतोय, म्हणजे जनरल ड्युटीसाठी त्याच्या हातात फार तर एक भरती आहे. संध्याकाळी आमच्यातली बीए झालेली एकजण त्याच्याकडून इंग्रजीचे धडे वाचून घेते. गणिताला कोणी मिळेना, तर गटातल्याच एका ताईची बारावीतली मुलगी शिकवतेय. कर्जाचे सात हप्ते राहिलेत.

येत्या बैठकीला ज्यांच्या घरात शाळा सुटलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी मुलाचा दाखला आणि दोघांचीही आधारकार्डं घेऊन या. दाखला सापडत नसेल तर शेवटच्या शाळेचं नाव आणि साल आठवून या. सतरा नंबरचे फॉर्म पावसाळ्यात सुटतात आणि मुदत उलटली की जादा फी बसते. आम्ही दोघीजणी बैठकीच्या आधी तासभर येऊन बसू.